चिमाजी अप्पांचा अंगरखा

चिंचोटी नाक्यावर फ्लेक्सची जागा कधी रिकामी राहत नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्गाला कामण–भिवंडीचा रस्ता इथे येऊन मिळतो, गाड्या इथेच तुंबतात, आणि तुंबलेल्या माणसाला बघायला काहीतरी लागतं. यंदाच्या शिवजयंतीला तिथे एक भलामोठा फ्लेक्स होता. खाली शुभेच्छुकांचे पंधरा-वीस चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले, वर महाराज. पण ते महाराज नव्हतेच. मालिकेत महाराजांचं काम करणारा नट होता. शुभेच्छुकांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही नाही. वाटलं ते माझ्या मित्राला.

हा मित्र वसईच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाला आणि चिंचोटीत घर बांधून राहिला. भाची सध्या त्याच्याकडेच असते, कारण तिला कामाची जागा इथून जवळ पडते. नायगाव ते कामण या पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत. त्यातल्या एका ऐतिहासिक मालिकेच्या कॉस्च्युम विभागात ती नोकरी करते. म्हणजे एकाच घरात इतिहास शिकवलेला माणूस आणि इतिहासाला कपडे घालणारी मुलगी. जेवायला बसलं की वाद ठरलेला. मी त्या वादांना आयता प्रेक्षक असतो. फ्लेक्सवरून पेटलेला वाद आठवतो तसा लिहितो आहे. दोघांनीही मधेमधे जे घास घेतले आणि ताक मागितलं, तेवढं गाळलं आहे.

मामा : महाराजांचं अस्सल चित्र उपलब्ध असताना ह्यांना नट कशाला लागतो, हे मला कळत नाही.

भाची : अरे, फ्लेक्सवाल्याला मोठा फोटो लागतो. जुनं चित्र ताणलं की फाटतं. मालिकेचा फोटो चकचकीत मिळतो. त्यात एवढं काय?

मामा : एवढं हेच, की उद्या तुमच्या पिढीच्या पोराला विचारलं, महाराज कसे दिसायचे, तर तो नटाचं नाव सांगेल.

भाची : आणि तू काय सांगायचास? आजी म्हणते, गणपतीत पडद्यावर भालजींचा ‘छत्रपती शिवाजी’ बघून आलास आणि आठवडाभर घरात चंद्रकांत मांढऱ्यांसारखा चालत होतास. पिक्चर १९५२ चा, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीचा. तरी तुझे महाराज त्यांच्याच तोंडाचे.

मामा : चंद्रकांतांची गोष्ट वेगळी.

भाची : जुनी म्हणून वेगळी?

मित्र हसला, पण मागे हटला नाही. इतिहासाच्या मास्तराला चिमटा काढला की तो पुरावा काढतो. त्याने वा. सी. बेंद्रे काढले.

मामा : तुला चेहऱ्याचीच गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात शिवाजी महाराज म्हणून जे चित्र सर्रास छापलं जायचं, ते महाराजांचं नव्हतंच. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं. लोक त्याला हार घालायचे. १९३३ साली बेंद्र्यांनी अस्सल चित्र उजेडात आणलं, तेव्हा हा घोळ मिटला. पेणला जन्मलेला माणूस. ना सत्ता, ना पैसा. चाळीस वर्षं कागद गोळा करून त्यांनी १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. त्याआधी मराठी रंगभूमीवर संभाजी म्हणजे काय? बदफैली, दारुडा. कारण सगळ्यांची भिस्त चिटणिसांच्या बखरीवर, आणि ती लिहिली संभाजी महाराज गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. लिहिणारा मल्हार रामराव कोण? ज्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी मारवलं, त्यांच्याच घराण्यातला. बेंद्र्यांनी ती बखर कागदपत्रांवर घासून बघितली, म्हणून आज तुमचा विकी कौशल संभाजी म्हणून उभा राहू शकतो. नाक्यावरच्या एका तरी पोराला बेंद्रे माहीत आहेत?

भाची : नाहीत. पण तुझ्या वर्गातल्या किती मुलांना माहीत होते?

मामा : पुस्तकात नव्हते.

भाची : बघ. बेंद्र्यांना आम्ही नाही विसरलो, तुम्ही सांगितलेच नाहीत. आणि साखळी पूर्ण कर की. बेंद्रे १९६०, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९, उतेकरांचा पिक्चर फेब्रुवारी २०२५. तिसरी कडी नसती तर माझ्या सेटवरच्या स्पॉटबॉयने कादंबरी विकत घेतली असती का? त्याने घेतली. जाड आहे म्हणून कुरकुरतो, पण वाचतो.

हे मात्र मीही पाहिलं होतं. सिनेमा लागला त्या आठवड्यात वसई स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याने ‘छावा’ची चळत पुढे मांडली होती, आणि ती घेणारे पंचवीसच्या आतले होते. तरुणांना इतिहासात रस नाही, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की एकदा पुस्तकवाल्याकडे उभं राहायचंही सुचत नाही. पण माझ्या मित्राकडे दुसराही दाखला होता आणि तो कडू होता.

मामा : वाचणाऱ्यांचं सांगतेस, खणणाऱ्यांचं सांग. ‘छावा’ लागल्यावर बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याशी, लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. पिक्चरमध्ये मोगलांचा खजिना दाखवला ना, मग नाणी मिळतील! इतिहास पडद्यावर बघितला की असं होतं. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं कालच घडलं, खाली अजून गरम असेल.

भाची : खणणारे फॅन होते की गरजवंत, ते तुला काय माहीत? शिवाय मामा, बेंद्र्यांनी तरी काय केलं? खणलंच ना?

मामा : दप्तरं खणली. शेत नाही.

भाची : म्हणजे खणायची हौस वाईट नाही, जागा चुकली. ती जागा सांगणारा कोणी नव्हता तिथे.

इथे बाई जिंकल्या, असं मी मनात नोंदवलं. मित्राने विषय बदलला. हरणारा मास्तर नेहमी स्थानिक इतिहासाकडे वळतो.

मामा : बरं, लांबचं सोड. तू रोज ज्या रस्त्याने सेटवर जातेस तो कुठे जातो?

भाची : अंजूर फाट्याला. गोदामं, कंटेनर आणि खड्डे.

मामा : त्या अंजूरचे गंगाजी नाईक. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून या माणसाने आणि त्याच्या भावांनी पेशव्यांकडे खेपा घातल्या, इथल्या खाड्या, वाटा, ठाणी यांची माहिती पुरवली. मग १७३७ ला मोहीम निघाली. दोन वर्षं चालली. शेवटी चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला. दोनशे वर्षांचा अंमल संपला. त्या चिमाजी अप्पांना तुम्ही ओळखता ते ‘बाजीराव मस्तानी’तला रुसका भाऊ म्हणून! वैभव तत्त्ववादीने काम चांगलं केलं, तक्रार त्याची नाही. पण वसईतलं पोर वसई घेणाऱ्याला असं ओळखतं.

भाची : मी सांगू मी कशी ओळखते? तू मला सातवीत किल्ल्यावर नेलंस. दुपारी. तळपत्या उन्हात तू बुरुजांची नावं सांगत होतास आणि मी पाण्याची बाटली शोधत होते. ती गोष्ट सांगितलीस, अप्पा म्हणाले मला तोफेच्या तोंडी बांधा आणि मस्तक तरी किल्ल्यात पडू दे. मला वाटलं, बापरे, हा माणूस रागावला असेल. पुढे काहीच नाही. मग दहावीच्या वर्षी कोल्डप्लेचं ‘हिम फॉर द वीकेंड’ आलं, जानेवारी २०१६. बियॉन्से, सोनम कपूर, आणि मागे आपला वसईचा किल्ला! मैत्रिणी आणि मी दुसऱ्याच रविवारी गेलो, कुठली कमान ती शोधायला. तिथे किल्ले वसई मोहिमेची मुलं झाडलोट करत होती. त्यांनी कमान दाखवली आणि वर सगळा किल्ला फिरवला. चार तास. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की किल्ल्याच्या आत अख्खं शहर होतं.

मामा : म्हणजे मी सांगितलेलं वाया गेलं आणि बियॉन्सेने सांगितलेलं लागलं.

भाची : बियॉन्सेने काहीच नाही सांगितलं रे. तिच्यामुळे आम्ही आपल्या पायांनी गेलो, एवढंच.

मित्राला हे लागलं असावं. थोडा वेळ तो नुसता भात कालवत बसला. नंतर त्याने सूर खाली आणला, आणि माझ्या मते त्या रात्रीचा खरा मुद्दा तिथून पुढे सुरू झाला.

मामा : माझं भांडण नटांशी नाहीच. मला भीती वाटते ती नट आणि थोर माणूस एकाच खुंटीला टांगले जाण्याची. २००४ ला गोविंदाने राम नाईकांना पाडलं. तेव्हा वसई त्याच मतदारसंघात. राम नाईक पेट्रोलियम मंत्री, दांडगा कामाचा माणूस. पण समोर विरारचा छोकरा.

भाची : मी तेव्हा बालवाडीत होते. मतं कोणी दिली?

मामा : (जरा थांबून) आम्हीच.

भाची : आणि २०१९ ला शिरूरला अमोल कोल्हे निवडून आले. आधी मालिकेत महाराज, मग संभाजी महाराज, मग खासदार. मी त्यांच्या कामाबद्दल बोलत नाही, ते सभागृहात बोलतात चांगलं. पण सांग, प्रचाराला आलेल्या माणसाच्या पाया पडणाऱ्या बायका कोणाच्या पाया पडत होत्या? आमच्या सेटवर रोज होतं हे. जेवायच्या सुट्टीत नट जिरेटोप काढून बसतो. जिरेटोपाला आतून स्पंज लावलेला असतो, घामाने भिजतो, तो मी पंख्यासमोर वाळवते. दाढी स्पिरिट गमने चिकटवलेली, कडेने सुटते. मोती प्लास्टिकचे. हे सगळं उघड्यावर चाललेलं असतं, आणि तरी आजूबाजूच्या पाड्यावरची माणसं लेकराला पुढे ढकलतात, ‘पाया पड.’ त्यांना दिसतो ना प्लास्टिकचा मोती. तरी. ती तरुण नसतात, मामा. तरुण सेल्फी घेतात. सेल्फी घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हा नट आहे.

हे ऐकून मी जेवायचा थांबलो. भक्ती आणि कुतूहल यांतली कुठली गोष्ट कोणत्या वयाला चिकटते, याबद्दलची माझी समजूत त्या स्पंजाच्या टोपाने जरा हलवली.

मामा : ठीक. सेल्फी प्रामाणिक, मान्य. पण सेल्फीतून मिळतं काय? नटाचं लग्न, नटाचा घटस्फोट, नटाने जिममध्ये काय खाल्लं. पावसाळ्यात इथल्या धबधब्यावर बंदी असते, दरवर्षी कोणीतरी बुडतं, तरी पोरं रील काढायला चढतात. कोणासारखं दिसायचं म्हणून?

भाची : धबधब्यावरचं मला देऊ नकोस, ते माझंही डोकं फिरवतं. पण बाकीचं ऐक. विरारचा पृथ्वी शॉ घे. लहानपणी पहाटेच्या लोकलने क्रिकेटची बॅग घेऊन मुंबई गाठायचा. २०१३ ला हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा. २०१८ ला अंडर-नाइन्टीनचा वर्ल्डकप कप्तान म्हणून आणला, त्याच वर्षी कसोटी पदार्पणात शतक. नालासोपाऱ्यातलं प्रत्येक पोरगं म्हणत होतं, आपल्या गाडीतला आहे हा. आणि मग २०२४ ला मुंबईच्या रणजी संघातून वगळला, आयपीएलच्या लिलावात कोणी घेतला नाही. हे सगळं आम्ही डोळ्यांसमोर बघितलं. चढणंही, घसरणंही. आम्ही त्याला शिव्या दिल्या, हळहळलो, वजन कमी कर म्हणून सल्ले दिले. त्याच्याशी आमचं नातं आहे. तुझ्या माणसांशी काय नातं ठेवू? तुम्ही त्यांना कधी पडूच देत नाही.

मामा : कोण म्हणतं? पुरंदरचा तह आहे. १६६५. तेवीस किल्ले दिले महाराजांनी मिर्झाराजांना. पाय मागे घ्यायला केवढं धैर्य लागतं!

भाची : बघ, लगेच धैर्य झालं. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का, हे तू वर्गात कधी विचारलंस? तेवीस किल्ल्यांवरच्या माणसांना निरोप कोणत्या तोंडाने धाडला असेल? मी विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, परीक्षेला येणार नाही.

मामा : तेव्हा तसं म्हणालो असतो खरं.

भाची : ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तर केवढा आरडाओरडा! दिग्दर्शकाला ते दृश्य काढावं लागलं. शिर्के घराण्याचं वेगळंच, त्यांची माफी मागावी लागली. राजा नाचला की लोक चिडतात, नट नाचला की लोक नाचतात. मग पोरगं कोणाकडे जाईल?

मामा : शिर्क्यांचा राग मला समजतो. आपल्या घराण्याला तीनशे वर्षांनी कोणी फितूर म्हणून पडद्यावर दाखवलं, तर माणूस कागद मागणारच. मागावा. लेझमीचं म्हणशील, तर लेझीम खेळल्याने राजा लहान होतो, असं मी कुठल्याही कागदात वाचलेलं नाही.

भाची : हे तू नाक्यावर जाऊन बोलशील?

मामा : नाही.

उत्तर इतकं चटकन आणि सरळ आलं की आम्ही तिघेही हसलो. पण हसण्यासारखं त्यात थोडंच होतं. इतिहासाचा जाणता माणूस नाक्यावर बोलायला कचरतो, आणि मग नाका फ्लेक्सवाल्याच्या ताब्यात जातो. नट तिथे घुसला नाही. जागा मोकळी होती. मी हे बोलून दाखवलं, तर मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की मी पापड मागून घेतला.

मामा : तुला वाटतं तितका मी पोथीवाला नव्हतो. वसईच्या वर्गात १७३९ शिकवणं सोपं नाही. एका बाकावर पाटील, त्याच बाकावर लोपीस. एकाला तो विजय, दुसऱ्याच्या घरी आजी सांगणार की आपल्या चर्चच्या घंटा तेव्हा गेल्या. त्यातली एक वाईजवळ मेणवलीला लटकते आहे. मी जयजयकार करवून घेतला असता तर अर्धा वर्ग गप्प बसला असता. म्हणून मी शरणागतीच्या अटी शिकवायचो. जाणाऱ्याला सामानासकट जाऊ द्यायचं, राहणाऱ्याला त्याचा धर्म पाळू द्यायचा. मग दोघंही प्रश्न विचारायचे.

भाची : हे मला किल्ल्यावर का नाही सांगितलंस? बुरुजांची नावं सांगत बसलास!

मामा : सातवीत होतीस.

भाची : सातवीतल्या मुलीला घंटेची गोष्ट बुरुजापेक्षा जास्त कळते. आणि १८०२ चा वसईचा तह? दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे मान तुकवली, ती कधी?

मामा : एकतीस डिसेंबरला.

भाची : थर्टीफर्स्टला! अख्खी वसई त्या रात्री रिसॉर्टवर नाचते आणि कोणालाच माहीत नाही की पेशवाई इथे, याच रात्री गहाण पडली. हे सांगितलं असतंस तर मी जन्मात विसरले नसते.

मित्राने हात धुतले आणि येऊन परत बसला, म्हणजे वाद संपला नव्हता. एव्हाना त्याला मात्र भाचीशी भांडायचं नव्हतं; त्याला आणखी सांगायचं होतं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यात वसई नाही, आणि का नसावी, यावर तो बराच वेळ बोलला. ते सगळं इथे देत नाही, कारण त्यातलं निम्मं सरकारवर होतं. भाची मोबाइलवर काहीतरी बघत होती. मला वाटलं, आता हिचं लक्ष उडालं. तिने एकदम मान वर केली.

भाची : मामा, एक कामाचं विचारू? समजा उद्या कोणी वसईच्या वेढ्यावर मालिका काढली आणि कॉस्च्युम माझ्याकडे आले. चिमाजी अप्पांच्या अंगावर काय घालू? पिक्चरसारखा जरीचा अंगरखा नको. वेढा चाललाय, उन्हाळा आहे, खाडीचा दमटपणा आहे. शिवाय तूच म्हणतोस ना, तब्येतीने नाजूक होते?

मामा : नाजूकच. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये गेले आणि हेही त्याच वर्षाच्या शेवटी. कपड्यांचं... (बराच विचार करून) कपड्यांचं मी कधी पाहिलंच नाही.

भाची : कुठे पाहायचं?

मामा : सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद छापलेत, पंचेचाळीस खंड. वसईच्या मोहिमेचा खंड वेगळा आहे. छावणीतून पुण्याला गेलेली पत्रं आहेत. दारूगोळा, धान्य, पैसा, जखमी, सगळं मागतायत. कापड मागितलं असेल तर त्यातच सापडेल.

भाची : मोडीत आहे?

मामा : छापलंय बाळबोधीत. पण भाषा जुनी, तुला जड जाईल.

भाची : तू वाच, मी चित्र काढते. शेला कसा बांधायचे, पागोट्याला किती हात कापड लागायचं, पायात काय होतं, सुरुंगाच्या मातीत अंगरखा पांढरा ठेवत होते की नाही, मला हे पाहिजे.

मामा : रविवारी लायब्ररीत जाऊ.

भाची : रविवारी शूट आहे. राज्याभिषेकाचा सीन, तीनशे ज्युनिअर आर्टिस्ट, सगळ्यांची पागोटी मलाच बांधायची आहेत. सोमवारी?

मामा : सोमवारी लायब्ररी बंद.

भाची : मग तू एकटा जा आणि फोटो काढून पाठव. नीट काढ, मागच्या वेळेसारखा अंगठा येऊ देऊ नकोस.